विहारामागचा कोबा
(वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही आज विहारामागच्या कोब्याविषयी बोलणार आहोत. सभागृह झाल्यापासून तिथे मांडव पडत नाही. मोडक्या खुर्च्या पडून आहेत, उन्हाळ्यात पाय भाजतात. तिथे नवे पेव्हर ब्लॉक बसवावेत, असे काहींचे मत आहे. आमचे म्हणणे, कोबा फोडून माती मोकळी करावी.

कुणी म्हणेल, पै-पै वर्गणीतून घातलेला कोबा फोडायचा? बरोबर आहे. वस्तीत गुडघाभर चिखल होता, तेव्हा कोबा म्हणजे आपली इज्जत होती. ते काम योग्यच होते. पण आज रस्ते पक्के झाले. आता उणीव आहे ती सावलीची आणि पाणी मुरायला जागेची.

सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंसाठीही औषधी वनस्पती, विहिरी आणि झाडांची सोय केल्याचे कोरले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, आपल्या माणसांना होता. ज्यांना पाणी नाकारले, त्यांच्या विहाराचे अंगण कोणत्याच जिवाला बंद नसावे.

हे होईल का? धारावीलगत, मिठी नदीकाठी कचऱ्याच्या डेपोवर सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ मध्ये लोकांना खुले झाले. कचऱ्यावर झाडी वाढते, मग आपल्या दोन गुंठ्यांत का नाही?

कोबा फोडून राडारोडा उचलायचा. दबलेली माती दोन फूट खणून शेणखत मिसळायचे. कडेला कढीलिंब, लिंबू आणि रुई लावायची; त्यांवर फुलपाखरे अंडी घालतात. अळ्यांनी पाने कुरतडली तरी औषध मारायचे नाही, बरं का! मध्ये बहावा, करंज. पिंपळ हवाच, त्याची फळे तांबट, बुलबुल, कोकीळ खातात. मात्र तो भिंतीपासून लांब लावायचा, मुळ्या बांधकाम फोडतात. पाण्याची उथळ परात ठेवून पाणी रोज बदलायचे, नाहीतर डास होतील. म्हाताऱ्या माणसांसाठी पक्की वाट तशीच ठेवायची.

नवी वर्गणी आम्ही मागत नाही. घरटी एक माणूस द्या, पावसाळ्याआधी चार रविवार श्रमदान करू. पहिली पहार आम्ही बाया घालू. समितीने आजच ठराव करावा, एवढी विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!