पोटातले जिवाणू आणि मुलांचा मधुमेह



टाइप वन मधुमेह झालेल्या मुलाचे आईवडील ओपीडीत येतात. इन्सुलिनच्या डोसाचं बोलणं आटोपलं की हळूच विचारतात, "डॉक्टर, पोटातल्या जंतूंमुळे हा आजार होतो असं मोबाइलवर वाचलं. दही-ताक वाढवलं तर इंजेक्शनं कमी होतील का?" प्रश्न अगदीच अनाठायी नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. गोड खाल्ल्यानं हा मधुमेह होत नाही, आईच्या हातून काही चुकलं म्हणूनही होत नाही. घरातल्या मोठ्यांना हे जरूर ऐकवा, कारण बोल बहुधा सुनेलाच लागतो. अनुवंशिकतेचा वाटा आहे. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. म्हणजे बाहेरचंही काहीतरी कारण असणार.

या आजाराचं जगातलं सर्वाधिक प्रमाण फिनलंडमधल्या मुलांत आहे. सीमेपलीकडे रशियाचा करेलिया प्रांत. अनुवंशिक धोका मिळताजुळता, तरी तिथलं प्रमाण फिनलंडच्या जेमतेम एक षष्ठांश. संशोधकांनी फिनलंड, एस्टोनिया आणि करेलिया इथल्या प्रत्येकी ७४ बाळांच्या शीचे नमुने जन्मापासून तीन वर्षं तपासले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. फिनलंड आणि एस्टोनियाच्या बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस गटाचे जिवाणू जास्त होते. या जिवाणूंच्या आवरणातला एक रेणू प्रतिकारशक्तीला जागंच करत नाही. करेलियातल्या बाळांच्या पोटातल्या ई. कोलायचा तसाच रेणू मात्र तिला डिवचतो. तान्हेपणी असं डिवचलं गेलं की ती आपलं-परकं ओळखायला शिकते, असा या संशोधकांचा कयास. मधुमेह होणाऱ्या उंदरांना ई. कोलायचा रेणू टोचला, तेव्हा आजार लांबला. बॅक्टेरॉइडिसच्या रेणूनं काहीच फरक पडला नाही.

पण उंदीर म्हणजे आपली मुलं नव्हेत. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन इथल्या 'टेडी' या मोठ्या प्रकल्पात ७८३ मुलांचे जवळपास अकरा हजार नमुने तपासले गेले. निरोगी राहिलेल्या मुलांच्या जिवाणूंत आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करणारी जनुकं थोडी जास्त आढळली. थोडीच. अमुक एक जिवाणू गुन्हेगार, असं बोट ठेवता आलं नाही. लहानपणी दिलेल्या अँटिबायोटिकचाही या आजाराच्या सुरुवातीशी संबंध टेडीत दिसला नाही. "तापात ते औषध दिलं म्हणून झालं का?" असं म्हणत स्वतःला कोसणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवावं. अर्थात, सर्दीसाठी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणावं, असा याचा अर्थ नाही.

तान्ह्या बाळाच्या पोटात कोणते जिवाणू नांदतात, हे सर्वाधिक ठरतं ते अंगावरच्या दुधानं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या. त्यानं मधुमेह टळेल अशी हमी मी देणार नाही, पण इतर फायदे पक्के आहेत. मुलाला दही-ताक आवडत असेल तर खुशाल द्या. प्रोबायोटिकच्या महागड्या पुड्या मात्र मधुमेहासाठी घेऊ नका. आणि इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही, मग सल्ला देणारा कितीही नामांकित असो.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. रात्री कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तांबेच्या तांबे पाणी पिऊ लागलं, लघवीला मुंग्या लागल्या, नीट जेवूनही वजन घटलं, तर जंताचं औषध देऊन वाट पाहू नका. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास सुरू झाला असेल, तर थेट रुग्णालय गाठा. सरकारी दवाखान्यातही बोटाच्या थेंबावर साखरेची तपासणी मिनिटभरात होते.