कुरकुर आणि तक्रार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



व्याख्यानमालेत आत्मा, कर्म, समाज, शिक्षण अशा थोर विषयांची मांडणी होत असताना 'कुरकुर' हा विषय काहीसा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मनुष्याच्या आयुष्यातील थोर प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि क्षुल्लक प्रसंग मात्र दिवसाला दहा येतात. आयुष्याची चव पुष्कळदा या दहांवरच ठरते.

आजच्या गृहस्थाचा एखादा दिवस पाहावा. सकाळी वाहन बाहेर काढावे, तर फाटकासमोर कोणीतरी आपली गाडी लावून निघून गेलेला असतो. बँकेत पोहोचल्यावर समजते, की एका कागदपत्रात आडनाव 'शाह' आहे आणि दुसऱ्यात 'शहा'. काना कोणत्या अक्षराला द्यावा, एवढ्यासाठी तीन खेटे पडतात. दुरुस्तीसाठी कंपनीला फोन करावा, तर 'यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा' असे सांगणारा यंत्रातील मंजुळ आवाज शेवटी 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' एवढेच दहा मिनिटे ऐकवीत राहतो. दुपारी डोळा लागतो न लागतो, तोच 'कर्ज हवे आहे का?' म्हणून विचारणा होते. यांपैकी एकाही प्रसंगाला दुःख म्हणता येणार नाही. त्यासाठी कोणी समाचाराला येत नाही. तरीही संध्याकाळी घरी परतणारा माणूस शिणलेला आणि चिडलेला असतो.

या शिणवट्याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. १९६७ साली होम्स आणि राहे या अमेरिकन संशोधकांनी आयुष्यातील ४३ मोठ्या घटनांची एक तालिका तयार केली व प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. पती वा पत्नीचा वियोग सर्वांत वर, १०० गुणांवर होता. पुढे रिचर्ड लाझारस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. त्यांनी वस्तू हरवणे, महागाई, घराची डागडुजी, हाती घेतलेली फार कामे अशा ११७ नित्याच्या कटकटींची यादी केली आणि १०० मध्यमवयीन स्त्री-पुरुषांकडून दहा महिने, दरमहा ती भरून घेतली. १९८१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. माणसाच्या मानसिक अस्वास्थ्याचा अंदाज मोठ्या आपत्तींपेक्षा या बारीकसारीक कटकटींवरून अधिक चांगला बांधता येत होता. आपत्ती येते तेव्हा माणूस कंबर कसतो, नातलग धावून येतात. कटकट मात्र बेसावध आणि एकट्या माणसाला गाठते.

आपल्या आचार्यांनीही लहान त्रासाला लहान मानले नव्हते. तत्त्वार्थसूत्रात मुनींनी सहन करावयाचे २२ परीषह सांगितले आहेत. त्यांत क्षुधा, तृषा, शीत, उष्ण यांच्या लगोलग 'दंशमशक' येतो. भुकेच्या पंक्तीत डासाला बसविणाऱ्या आचार्यांना मनाची घडण पुरती ठाऊक होती, असेच म्हटले पाहिजे.

मग प्रश्न उरतो, की सोयी वाढल्या तशी कुरकुर कमी का झाली नाही? ही संस्था सुरू झाली त्या काळात परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास बसून राहावे लागे. घरी दूरध्वनी यावा यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव असे. गॅसलाही नंबर लावावा लागे. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. त्या वेळी बोलण्याचे तर पैसे पडतच, आलेला फोन घेण्याचेही पडत. आज अमेरिकेतील नातवाचे तोंड पाहत बोलता येते. पण त्याचे चित्र दोन क्षण गोठले, की आजोबा चिडतात. सोय अंगवळणी पडली की तिचा आनंद ओसरतो आणि तिची अपेक्षा तेवढी मागे राहते. कुरकुर जन्मते ती या अपेक्षेच्या पोटी. याचा अर्थ सारा दोष माणसाच्या मनाचा आहे, असा मात्र नव्हे. एका अक्षरासाठी खेटे घालायला लावणारी व्यवस्था सदोषच आहे.

खरी हानी होते ती पुढे. बँकेतला राग बँकेत राहत नाही. तो जिना चढून घरी येतो आणि भाजीत मीठ कमी पडल्याचे निमित्त करून पत्नीवर निघतो, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर निघतो. फोनवर कंपनीचे धोरण ठरविणारा कधीच भेटत नाही. भेटतो तो तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करणारा कोणाचा तरी मुलगा, आणि शिव्या तो खातो. कुरकुरीचे वैगुण्य नेमके हेच आहे. तिच्यात बळ असते, पण पत्ता चुकीचा असतो. पत्ता बरोबर लिहिला, की त्याच कुरकुरीची तक्रार होते.

बरोबर पत्ते आज उपलब्ध आहेत. नकोशा जाहिरातीच्या फोनची तक्रार ७ दिवसांच्या आत १९०९ या क्रमांकावर करता येते. सदोष वस्तू वा सेवेसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. सरकारी दाखल्यांसाठी महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम असून, ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करण्याचा अधिकार नागरिकाला आहे. तारीख, पावती आणि चार सरळ वाक्ये एवढे त्यासाठी पुरते. अशा एका तक्रारीने पुढच्या दहा जणांचे खेटे वाचू शकतात. त्या अर्थाने ती समाजसेवाच होय.

या विषयाला दुसरीही बाजू आहे. या सभागृहातील अनेक बंधू स्वतः गल्ल्यावर बसतात; अनेक भगिनी शाळा, दवाखाने, कार्यालये सांभाळतात. म्हणजे इतरांच्या कुरकुरीचे कारण होण्याची संधी त्यांनाही रोज मिळते. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना दाखवून दिले, की कारण न सांगता करायला लावलेली प्रतीक्षा अधिक लांब वाटते. 'माल यायला उशीर आहे, अर्धा तास लागेल' हे एक वाक्य उच्चारायला दमडीही लागत नाही. पण ते ऐकणाऱ्याचा अर्धा तास हलका होतो. फाटकासमोर गाडी लावणाऱ्याने काचेमागे आपला फोन क्रमांक ठेवला, तरी शेजाऱ्याची सकाळ वाचते.

आणि ज्याची तक्रारही होऊ शकत नाही, त्याचे काय करावे? पावसाने अडवले, लिफ्ट बंद पडली, चष्मा हरवला. अशा वेळी राग कोणाच्या नावे लिहायचा? शास्त्रकारांनी क्रोधाच्या चार प्रती सांगताना दगडावरची रेघ, जमिनीवरची भेग, वाळूवरची रेघ आणि पाण्यावरची रेघ अशा चार उपमा दिल्या आहेत. गृहस्थाला राग येणारच, रेघ उमटणारच. ती कशावर उमटू द्यायची, एवढे मात्र त्याच्या हाती असते. सकाळची कटकट संध्याकाळी घरच्यांना तिखटमीठ लावून सांगितली, की पाण्यावरची रेघ वाळूवर येते. महिनाभर घोळवली की दगडावर जाते.

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांत कोणत्याही संस्थेत मतभेद होतात, मानपान होतात, पत्रिकेत नाव राहून जाते, पंगतीत वाढायला उशीर होतो. तरीही ज्या संस्था टिकतात, त्यांच्यात तक्रार योग्य माणसाकडे वेळेवर बोलून दाखविणारे आणि बाकीची रेघ पाण्यावर सोडून देणारे लोक पुरेशा संख्येने असतात. घराचेही तसेच आहे. उंबरठ्यावर चपला काढताना दिवसभराची कुरकुरही तेथेच उतरवून ठेवणारा माणूस घरात असला, की त्या घरातील मुलांना क्षमेचा धडा निराळा द्यावा लागत नाही.