मधल्या वाटेवरचा खोटा निरोप
(मंडईत केलेले भाषण)

मंडळी, पैशाची गोष्ट सांगतो. आपल्या पुण्यातलीच आहे.

समजा, मालक घरी आहेत आणि गाळ्यावर गडी बसला आहे. एक जण येऊन म्हणतो, "मालकांनी मला हजार रुपये द्यायला सांगितलंय." गडी शहाणा. तो पोऱ्याला मालकांकडे धाडतो, "देऊ का म्हणून विचारून ये." पण बोळाच्या तोंडाशी चोराचा जोडीदार उभा असतो. तो पोऱ्याला तिथंच अडवतो आणि सांगतो, "मालक म्हणाले, देऊन टाक." गडी पैसे मोजून देतो. मालकांना पत्ताच नाही!

कॉसमॉस बँकेचं असंच झालं. ही सहकारी बँक १९०६ साली पुण्यात निघाली. एटीएममध्ये कार्ड घातलं, की ते यंत्र आधी बँकेला विचारतं, "पैसे देऊ का?" चोरांनी त्या वाटेवर खोटा उत्तर देणारा बसवला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, बनावट कार्डं घेऊन त्यांची माणसं २८ देशांत यंत्रांपुढं उभी राहिली. आपल्या कोल्हापुरातही होती. प्रत्येक वेळी उत्तर आलं, "द्या." सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. दरोडा पडला, पण कुलूप तुटलं नाही.

खातेदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, असं बँकेनं सांगितलं. ते खरं, पण सहकारी बँक सभासदांचीच असते. तिचं नुकसान ते शेवटी कोणाचं?

पुण्याच्या कोर्टानं २०२३ साली ११ जणांना शिक्षा दिली. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्येच, रिझर्व्ह बँकेनं शहरांतल्या सहकारी बँकांना संगणकाच्या राखणीचे नियम घालून दिले. राखण बँकेनंच करायची. ते काम आपलं नव्हे.

आपलं काम वाचण्याचं. ही मंडई बांधायच्या वेळी, इमारतीपेक्षा शिक्षणावर पैसा घाला, असं जोतीराव फुल्यांचं म्हणणं होतं. आज मंडईला त्यांचंच नाव आहे! तर बँकेचा संदेश मोबाइलवर आला की तो वाचा. रक्कम पाहा, तारीख पाहा. आपण न काढलेले पैसे गेलेले दिसले, तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० या नंबरावर फोन करा. तक्रारीचा नंबर वहीत लिहून घ्या.

उशीर का नको? रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली नियम काढला. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे नेले, आणि आपण कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तो भार खातेदारावर टाकायचा नाही. संदेश आला तो दिवस या तिनांत धरायचा नाही. शुक्रवारी संदेश आला, तर मोजणी पुढच्या कामाच्या दिवसापासून.