पासष्टांतले तीन गेले कुठे?



छत्तीस आणि एकोणतीस किती? शाळेतले पोरही पासष्ट सांगेल. पण आकाशातल्या एका बेरजेत बासष्टच भरले. ते कसे, हे आज सांगायचे आहे.

फार मोठा तारा जळण संपले म्हणजे आपल्याच भाराने आत ढासळतो. काही तारे इतके आवळले जातात की त्यांच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही. त्यांना कृष्णविवर म्हणतात. अशी दोन विवरे एकमेकांभोवती फिरू लागली की जणू फुगडीच सुरू होते. फिरता फिरता त्यांची ऊर्जा लाटांच्या रूपाने अवकाशात निघून जाते. म्हणून ती फेरीगणिक जवळ येतात, वेग वाढतो आणि शेवटी दोहोंचे एकच होते. अशा लाटा असल्या पाहिजेत, हे आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताने मांडले होते.

अशीच एक जोडी होती. एक विवर सुमारे ३६ सूर्यांच्या वस्तुमानाचे, दुसरे २९. मिसळून उरले ते ६२ चे. तीन सूर्यांइतके वस्तुमान लाटा होऊन गेले! त्या लाटा सुमारे १३० कोटी वर्षे चालत येऊन १४ सप्टेंबर २०१५ रोजी पृथ्वीवर पोचल्या.

तुम्ही म्हणाल, हे खरे कशावरून? शंका रास्त आहे. अमेरिकेत 'लायगो' नावाची दोन यंत्रे आहेत. प्रत्येकाला ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. लाट आली तेव्हा त्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक अणूच्या पोटातल्या प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. एवढा फरक जवळून मालमोटार गेली तरी पडायचा! म्हणून तर यंत्रे दोन, आणि तीही एकमेकांपासून ३००० किलोमीटरांवर. दोघांनी एकाच आकाराची थरथर टिपली, अवघ्या ०.००७ सेकंदाच्या अंतराने. एकच मालमोटार दोन्हीकडे कशी जाईल? तरीही शास्त्रज्ञांनी पाच महिने पडताळा घेतला आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी बातमी जगाला सांगितली.

दोन साक्षीदार 'घडले' एवढे सांगतात. 'कोठे घडले' हे नेमके कळायला आणखी साक्षीदार हवेत. कोणत्या यंत्राशी लाट आधी पोचली, कोणाशी नंतर, यावरून दिशा काढतात. इटलीत आणि जपानात अशी यंत्रे आहेत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळही एक व्हावयाचे आहे; २०२३ साली केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली. गजबजाटापासून दूरची शांत जमीन, हेच त्या जागेचे मोल.

गुरुजी, ही बेरीज उद्या फळ्यावर जरूर मांडा. एखादा मुलगा उठून विचारील, "खरं कशावरून?" त्याला खाली बसवू नका. एवढी मोठी यंत्रे उभी राहिली ती त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.