झिजलेल्या होनाची परीक्षा

"आमच्या देव्हाऱ्यात शिवकालीन होन आहे, तो खरा असेल काय?" हा प्रश्न नाण्यांच्या अभ्यासकास वारंवार ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या स्वरात केवळ जिज्ञासा नसते. खरा निघाला तर घरावरचे कर्ज फिटावे, आणि खोटा निघाला तर पितळेचाही भाव न यावा, अशी ही बाब आहे. शिवछत्रपतींचे सुवर्ण होन आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात; म्हणूनच त्यांच्या नकला पुष्कळ.

हल्ली काही कंपन्या नाण्याला अंकांनी श्रेणी देऊन ते प्लास्टिकच्या डबीत मोहोरबंद करतात. देव्हाऱ्यातल्या नाण्यास असे प्रमाणपत्र कोठून असणार? तेथे तराजू, भिंग आणि शांत चित्त यांचाच आधार.

होनाच्या एका अंगास तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगास दोन ओळींत 'छत्र पति' अशी अक्षरे असून भोवती ठिपक्यांचे कडे असते. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाव तोळ्याहून किंचित कमी. झिजलेले नाणे मूळ वजनाहून हलके भरेल. जड भरण्याचे त्यास कारण नाही. भरले, तर पूर्वी कोणी माळेत ओवण्यासाठी कडी जोडली होती काय, तिचा डाग राहिला आहे काय, हे आधी पाहावे. डाग असल्याने नाणे खोटे ठरत नाही, वजन मात्र फसवे ठरते.

यानंतर धातूची परीक्षा. कसोटीचा दगड वरच्या थराचीच साक्ष देतो. मुलामा दिलेले तांबेही त्यावर हलक्या हाताने सोनेरी रेघ उमटविते. त्याहून आर्किमिडीजची जुनी युक्ती बरी. समजा, नाणे हवेत २.७२ ग्रॅम भरले. दोऱ्याने बांधून ते पाण्यात लोंबकळत तोलले, तर शुद्ध सोन्याचे वजन सुमारे ०.१४ ग्रॅमने घटेल. चांदीवर मुलामा असेल तर ०.२६ ने आणि तांब्यावर असेल तर ०.३० ने. फरक गुंजेच्या आतबाहेरचा आहे खरा, पण सराफाच्या मिलिग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर तो लपत नाही.

परंतु खऱ्या सोन्याचेही खोटे नाणे पाडता येते, आणि खरी अडचण येथे सुरू होते. जुने नाणे दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याच्या घावाने पाडीत. घावाने धातू दाबला जातो, अक्षरांच्या मुळाशी कडा स्वच्छ उठतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर भिंगाखाली बारीक खळगे दिसतात, अक्षरे साबणावर कोरल्यासारखी गुळगुळीत वाटतात आणि कडेवर कानशीचे ओरखडे असतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून अशी नक्कल मुळाहून किंचित लहानही भरते. हाताळण्याने होणारी झीज उंच भागास प्रथम लागते. श्रीची वेलांटी सपाट होईल, पण दोन अक्षरांमधला खोलगट भाग पुष्कळसा शाबूत राहील. खोलगट भागही तितकाच झिजलेला दिसला, तर ती झीज वर्षांची नव्हे, आम्लाची किंवा यंत्राची समजावी. तथापि नुसत्या झिजेवर भिस्त ठेवू नये. झिजलेल्या अस्सल नाण्यावरूनच साचा घेतला, तर त्याची झीजही नकलेत उतरते!

अशा वेळी तुलनाच उपयोगी पडते. त्या काळी ठसा आणि चकती नेमकी जुळत नसत. एका नाण्यावर 'श्री' कडेला कापली जाई, दुसऱ्यावर 'पति'चा शेवट. तांब्याच्या शिवराईत हे विशेष दिसते. दोन नाण्यांवर अक्षर नेमके एकाच जागी तुटले असून ओरखडाही एकच असेल, तर त्यांपैकी एक तरी, बहुधा दोन्ही, ओतीव होत. उलट, शिवराईवर 'शिव' ऐवजी 'सिव' दिसले म्हणून घाबरू नये. असे पाठभेद पुष्कळ आढळतात, आणि ही नाणी महाराजांच्या पश्चातही दीर्घकाळ पाडली जात होती.

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ चे साल असलेली राम दरबाराची 'नाणी' घेऊनही कित्येकजण येतात. कंपनीने तसे नाणे कधी पाडलेच नव्हते. ती श्रद्धेने खुशाल पुजावीत, पण विकत घेऊ नयेत.

एक विनंती मात्र आवर्जून करतो. चिंच, राख किंवा पॉलिश लावून नाणे घासू नका. तांब्यावरचा जुना थर हाच त्याचा मोठा साक्षीदार असतो. संशय असल्यास ॲसिटोनमध्ये भिजविलेला कापूस कडेवर हळूच टेकवावा. रंगाने चढविलेला हिरवेपणा कापसावर उतरतो, काळाने चढविलेला उतरत नाही. नंतर नाणे कागदी पाकिटात ठेवून जाणत्यास दाखवावे. नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. आणि नाणे देव्हाऱ्यातले नसून शेतात नांगराला लागलेले असेल, तर सराफाकडे जाण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, कारण दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे.