लिनक्स अडलं तर विचारायचं कुणाला?



बोईसर स्टेशनबाहेर सकाळी तारापूर एमआयडीसीच्या रिक्षांसाठी जी झुंबड उडते, तिच्यात कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारी माणसंही असतात. गेटवरचा वजनकाटा, स्टोअरचा हिशोब, मालाचे गेटपास हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं, त्यावर पुष्कळदा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. लहान कारखान्यात हे काम एकट्याच्या गळ्यात असतं. मुंबई शंभरेक किलोमीटर दूर. रात्रपाळीत सर्व्हर बसला, ट्रक गेटवर खोळंबले, तर या माणसाने विचारायचं कुणाला?

लिनक्स जन्मलं तेच मुळी विचारपूस करत. लिनक्स ज्याच्या धर्तीवर लिहिलं गेलं, त्या युनिक्सचं काम अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये सुरू झालं १९६९ साली, आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा जन्मही त्याच वर्षीचा. १९९१च्या जुलैमध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या या मुलाने एक तांत्रिक नियमावली कुठे मिळेल, असं अनोळखी लोकांना विचारलं. ऑगस्टमध्ये त्याने सांगितलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, तुम्हाला तिच्यात काय हवं ते कळवा. लोकांनी कळवलं, चुका दाखवल्या, दुरुस्त्या पाठवल्या. आजही ते काम असंच चालतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात इंटरनेट महाग आणि संथ होतं. तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींतून लिनक्स अनेकांपर्यंत पोचलं. मुंबईत आणि पुण्यात वापरणाऱ्यांचे गट उभे राहिले. पुण्याच्या गटाला सगळे ‘प्लग’ म्हणतात. अडलेल्याला जाणत्याने हात द्यायचा, त्यात मोबदल्याचा विषय नाही, ही रीत या गटांनी आपल्याकडे रुजवली आणि तिच्यावर माझा फार जीव आहे.

पण मदत मागायचीही एक रीत असते. आपल्याच एमआयडीसीतल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. त्याच्या सर्व्हरवर एकाएकी नवी फाइल बनेना. त्याने ओळखीच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सर्व्हर बंद आहे, अर्जंट, कुणीतरी मदत करा.’ दिवसभर कुणी काही बोललं नाही. बोलणार तरी काय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं, तर डॉक्टरही आधी चार प्रश्नच विचारतील.

संध्याकाळी त्याने पुन्हा लिहिलं. कुठलं लिनक्स, कितवी आवृत्ती, कधीपासून बिघडलं, आदल्या दिवशी काय बदललं होतं. एरर जशीच्या तशी उतरवली: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. म्हणजे डिस्कवर जागा नाही. पण डी एफ, मग स्पेस, मग डॅश एच ही कमांड दिली, तर वीस जीबीच्या पार्टिशनमध्ये निम्म्याहून जास्त जागा मोकळी दिसत होती. हेही त्याने लिहिलं.

थोड्याच वेळात नाशिकहून एकाचा निरोप आला: डी एफ डॅश आय करून बघ. त्यात दिसलं, शंभर टक्के भरलेलं.

झालं असं होतं. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला आयनोड नावाची एक नोंद लागते. नेहमीच्या ईएक्सटी-४ पद्धतीच्या डिस्कवर या नोंदींची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. वीस जीबीला साधारण १३ लाख. या तरुणाच्या प्लांटमधली एक स्क्रिप्ट तापमानाच्या प्रत्येक नोंदीसाठी नवी फाइल बनवत होती, दर पाच सेकंदांनी एक. म्हणजे दिवसाला १७,२८०. अडीच महिन्यांत नोंदी संपल्या. जागा होती, पण नवी फाइल नोंदवायला सोय उरली नव्हती.

पुसायला गेला तर नेहमीची आर एम कमांड ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून अडली, कारण एका दमात तिच्या हाती द्यायची नावं लाखांत होती. मग त्याला फाइंड कमांड सुचवली गेली. सुचवणाऱ्याने बजावलं, आधी फाइंडने नुसती यादी काढ, ती डोळ्यांखालून घाल, आणि मगच शेवटी डिलीट जोड. हे बजावणं मला उत्तराइतकंच मोलाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट बदलली. आता दिवसाची एकच फाइल बनते, तिच्यातच ओळी वाढत जातात.

आणि त्याने परत येऊन काय झालं, कशाने सुटलं, हे ग्रुपवर सविस्तर लिहिलं. बहुतेक जण हे करत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काम झालं की माणूस गप्प होतो, आणि पुढच्या महिन्यात वाड्याचा किंवा डहाणूचा कुणी तीच धडपड नव्याने करतो.

आता थोडं सावधगिरीचं. एररचा मजकूर इंग्रजीत येतो तसाच द्या, बाकी सगळं खुशाल मराठीत लिहा. फोटोपेक्षा मजकूर बरा, तो शोधता येतो. पण लॉग पाठवण्याआधी त्यातले पासवर्ड, सर्व्हरचे पत्ते, गिऱ्हाइकांची आणि मालाची नावं खोडा. मालकाला कारखान्याची माहिती बाहेर जाण्याची भीती वाटते ती रास्त आहे. आणि कुणी दिलेली कमांड कळल्याशिवाय चालवू नका. ‘सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाक’ हा सल्ला फार सर्रास मिळतो. त्याने त्या दिवसाची अडचण सुटते आणि सर्व्हर सताड उघडा पडतो.

मुळापासून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईत सुरू झालेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. ते तिथे केमिकल इंजिनिअरिंग शिकवत, हे आपल्या रासायनिक कारखान्यांच्या गावात आवर्जून सांगावंसं वाटतं. दहाएक मिनिटांचे धडे, लिनक्सचे कितीतरी धडे मराठी आवाजात. पडद्यावर एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करून बघायचं.

तरीही समोरासमोर बसण्याला तोड नाही. पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आहे, बोईसर आणि पालघरमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथली मुलं लिनक्स शिकतात, पण चालता कारखाना त्यांनी पाहिलेला नसतो. एमआयडीसीतल्या माणसाने कारखाना पाहिलेला असतो, त्याला वाचायला सवड नसते. महिन्यातून एका सुट्टीच्या दिवशी हे दोघे एका टेबलाशी बसले, तर पावसाळ्यात लाईट गेल्यावर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये का अडकतो, हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल. पुष्कळदा कारण एवढंच, की बॅकअपची बाहेरची डिस्क काढून ठेवलेली असते, सर्व्हर मात्र चालू होताना तिची वाट बघत थांबतो आणि शेवटी अडतो. एफएसटॅब फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द घातला, की ती नसली तरी सर्व्हर पुढे जातो.

सुरुवातीला चार जण आणि एक वही पुरे. वहीत तारीख, एरर, केलेले उपाय आणि लागू पडलेला उपाय, एवढं लिहायचं. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपल्या शेजारच्या प्लॉटवरच्या कॉम्प्युटरवाल्याला उद्या जेवणाच्या सुट्टीत गाठावं आणि दिवस ठरवावा.