आकड्यांबरोबर आत शिरणारा गोंगाट



ध्वनितंत्रज्ञ, कारागीर आणि विक्रेत्यांच्या अशा संमेलनात अध्यक्षानं व्यवसायाचा सगळा आढावा घ्यायची पद्धत आहे. ती बाजूला ठेवून आज एकाच प्रश्नावर बोलावं असं मी ठरवलं आहे. हा प्रश्न दुकानात गिऱ्हाईक विचारतं आणि आपण त्याला सरळ उत्तर देत नाही. "डिजिटल म्हणजे शून्य आणि एक. मग महागड्या केबलनं, वेगळ्या क्लॉकनं, पॉवर कंडिशनरनं आवाजात खरंच फरक पडतो का?"

आपल्यात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, आकडे पोचले की विषय संपला. दुसरा म्हणतो, सगळ्यानंच फरक पडतो, फक्त ऐकणारा कान हवा. मला हे दोन्ही पटत नाहीत. केबल आकडे बिघडवते का, यावर दोघंही भांडतात. पण आकड्यांच्या सोबतीनं, त्याच केबलच्या शील्डमधून आणि अर्थच्या तारेतून, न बोलावलेलं काय आत येतं, हे क्वचितच कुणी तपासतं. गाणं बिघडतं ते बहुतेक वेळा तिथं.

आधी आकड्यांचा हिशेब मिटवू. सीडी 1982 साली बाजारात आली. तिच्यात सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा. हेच आकडे आज नेटवर्कच्या तारेतून किंवा वायफायवरून येतात तेव्हा ते पाकिटांत बांधलेले असतात. पाकीट तपासलं जातं, खराब निघालं तर पुन्हा मागवलं जातं. तिथं साध्या केबलनं आणलेली फाइल आणि दहापट किमतीच्या केबलनं आणलेली फाइल यांत एका बिटाचाही फरक नसतो. यूएसबीवरून गाणं वाजत असताना मात्र चुकलेलं पाकीट परत मागवायला सवड नसते. पण तिथली चूक लपून राहत नाही. टिचकी ऐकू येते, खरखर होते, सूर मध्येच तुटतो. तानपुऱ्याची जवारी किंचित बोथट व्हावी, गायिकेचा आवाज जरा मागं सरकावा, अशा नाजूक रूपात बिटांची चूक प्रकटत नाही. तसं काही ऐकू आलं, तर कारण दुसरीकडे शोधावं.

आता क्लॉक. हा विषय खरा आहे आणि त्याचा बाजारही मोठा आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

डॅक त्या नमुन्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करतो. प्रत्येक नमुना आपल्या नेमक्या क्षणी पडायला हवा. तो क्षण मागंपुढं झाला की त्याला आपण जिटर म्हणतो. 20 किलोहर्ट्झचा पूर्ण ताकदीचा सूर घेतला आणि 16 बिटांच्या सगळ्यात लहान पायरीच्या निम्म्याएवढीच चूक चालवून घ्यायची म्हटलं, तर वेळेतली चूक सुमारे 120 पिकोसेकंदांच्या आत असावी लागते. तेवढ्या वेळात प्रकाश साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जातो. हा आकडा जाहिरातीत वाचला की माणूस घाबरतो आणि पाकिटाला हात घालतो. पण हे गणित कागदावरचं आहे. कानाची परीक्षा घेतली तेव्हा चित्र वेगळं निघालं. बेंजामिन आणि गॅनन यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत मुद्दाम निवडलेल्या शुद्ध सुरावर जिटर ओळखू यायला सुमारे 10 नॅनोसेकंद लागले आणि संगीतात त्याहून जास्त. जपानमध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये कसलेल्या कानांवर यादृच्छिक जिटरच्या चाचण्या केल्या. तिथं ही मर्यादा काहीशे नॅनोसेकंदांवर गेली. नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद, हे इथं विसरू नये. आजच्या साध्यासुध्या डॅकचा जिटरही या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो.

मग जुने लोक कोॲक्सियल केबलबद्दल इतके काटेकोर का होते? कारण त्यांच्या काळात त्याला अर्थ होता. एसपीडीआयएफ या पद्धतीत आकडे आणि वेळ एकाच तारेतून जातात. येणाऱ्या लहरीच्या चढउतारांवरून डॅकला वेळ काढून घ्यावी लागते. तार 75 ओहमची नसेल, तर टोकाशी लहर उलटून परत येते, चढउतार सरकतात आणि वेळ डळमळते. ती डळमळ गाळायची सोय जुन्या डॅकमध्ये बेताचीच असे. त्यामुळे हातात मिळेल ती ऑडिओची तार तिथं लावू नये, हा सल्ला योग्यच होता आणि आजही आहे. फक्त 75 ओहमची व्हिडिओ केबल त्याला पुरते. यूएसबीवर असिंक्रोनस पद्धत आल्यापासून कारभार उलटा झाला. क्लॉक डॅकच्या पोटात, क्वार्ट्झच्या स्फटिकाशेजारी बसतं आणि आकडे पुरवण्याचा वेग संगणकाला तेच सांगतं. वेळ तारेतून येतच नाही, तर तार ती बिघडवणार कशी?

याच्या पुढं जाऊन काही जण घरी रुबिडियमचं क्लॉक, म्हणजे अणुघड्याळ, आणतात. इथं एक गल्लत होते, ती स्पष्ट करतो. अणुघड्याळाचा मोठेपणा आहे तो दिवसेंदिवस न चुकण्यात. साध्या क्वार्ट्झची चूक दहा लाखांत 50 धरली, तर तासाभराच्या मैफलीत ती 0.18 सेकंद होते. सुराच्या उंचीत ती सेंटच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढी. आपल्या शास्त्रातली प्रमाणश्रुती साडेएकवीस सेंटची आहे. म्हणजे श्रुतीचा अडीचशेवा भाग! हा फरक ओळखणारा कान जन्माला आलेला नाही. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्या सगळ्यांच्या लहरी एकमेकींशी जुळवायच्या असतात, म्हणून तिथं वेळेचा अतिशय काटेकोर आधार लागतो. आपल्या घरात दोन स्पीकर असतात आणि दोन्ही एकाच क्लॉकवर चालतात.

खोडदचं नाव आणखी एका कारणासाठी घेतलं. तिथल्या शास्त्रज्ञांना आकाशातल्या क्षीण लहरी ऐकताना आसपासच्या वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचा उपद्रव होतो आणि त्या शोधून दुरुस्त करून घेणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. अँटेनांपासूनचे संदेश ते ऑप्टिकल फायबरनं आणतात. गोंगाटाचा उगम शोधायचा आणि त्याची वाट तोडायची, हीच आपल्याही धंद्याची खरी विद्या आहे.

एक घर सांगतो. पुण्यात, जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. मल्लिकार्जुन मन्सूर हे त्यांचं दैवत. लॅपटॉप, त्याला यूएसबी डॅक, पुढं अँप्लिफायर आणि त्याच अँप्लिफायरला टीव्हीची तार जोडलेली. षड्ज लावण्याआधी नुसता तानपुरा चालू असतो, त्या जागी मागं बारीक शिट्टी ऐकू यायची. स्क्रीनवरचं पान वर सरकवलं की शिट्टीचा सूर बदलायचा. कुणाच्या तरी सल्ल्यावरून त्यांनी पेन्शनच्या पैशातून भारी यूएसबी केबल घेतली होती. शिट्टी होती तिथंच होती. मी लॅपटॉपचा चार्जर काढला, ती थांबली. चार्जर लावून सेटटॉप बॉक्सची कोॲक्सियल केबल उपसली, तरीही थांबली. मग भिंतीवरच्या बोर्डात मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 232 व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच दिसायला हवेत. आकडा 80-90च्या मध्ये तरंगत होता. बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकाच्या मागं तारच नव्हती.

आता काय घडत होतं ते पाहा. दोन पिनांच्या चार्जरमध्ये, टीव्हीत, सेटटॉपमध्ये एसएमपीएस असतो आणि त्याच्या दोन बाजूंना जोडणारा एक लहान कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा, मिलिअँपच्या अंशाएवढा प्रवाह गळतो. अनवाणी पायांनी धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. तीन-चार उपकरणांची गळती मिळून एक मिलिअँप धरू. अर्थ नसल्यामुळे तिला जमिनीकडे जायला एकच वाट उरली: यूएसबीच्या शील्डमधून डॅक, डॅकमधून आरसीए केबलच्या शील्डवरून अँप्लिफायर आणि तिथून टीव्हीच्या कोॲक्सियलनं इमारतीबाहेर. जाता जाता लॅपटॉपच्या आतल्या कामाचा गोंगाटही ती सोबत घेते. आरसीएचं शील्ड हीच आपल्या सुराचीही परतीची वाट. शील्डचा आणि सैल, काळ्या पडलेल्या प्लगचा मिळून अर्धा ओहम रोध असेल, तर त्यावर 500 मायक्रोव्होल्ट पडतात आणि ते थेट सुरात मिसळतात. डॅकच्या दोन व्होल्टच्या पूर्ण आवाजापेक्षा हे फक्त 72 डेसिबलनं खाली आहे. रात्रीच्या शांततेत तानपुऱ्यामागं ते ऐकू येणारच. यात एकही बिट चुकलेला नाही. जे बिघडलं ते डॅकच्या नंतर, अॅनालॉग तारेत.

उपाय साधे निघाले. वायरमननं बोर्डापर्यंत अर्थिंगची तार नेली. टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, गळतीचा प्रवाह जात नाही. यूएसबीच्या वाटेवर आयसोलेटर बसवला. प्लग पुसून घट्ट बसवले. जिथं उपकरणांना एक्सएलआरची सोय आहे तिथं बॅलन्स्ड जोडणी करावी, म्हणजे शील्डवरचा गोंगाट सुराच्या वाटेत येत नाही. फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहावेत; भुणभुण थांबली की चोर सापडला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. तिथं कंडिशनर विकण्याआधी साइन वेव्हचा इन्व्हर्टर सुचवावा.

आणि इथं मला कळकळीनं एक गोष्ट सांगायची आहे. हम थांबवण्यासाठी थ्री पिन प्लगची अर्थची पिन कापणारे कारागीर आपल्यातही आहेत. हम थांबतो, हे खरं. पण पुढं कधी आतली फेजची तार धातूच्या पेटीला लागली, तर त्या घरातलं मूल तिला हात लावून जिवाला मुकेल. तितकंच वाईट म्हणजे, अर्थ नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या भोकात जोडून देणं. मीटरवर आकडा छान येतो आणि न्यूट्रल तुटला की सगळ्या पेट्यांवर 230 व्होल्ट येतात. कुठलंही संगीत या किमतीला घेण्यासारखं नाही. असं काम दिसलं, तर ते दुरुस्त केल्याशिवाय त्या घरातून बाहेर पडू नका.

स्पीकरच्या तारेबद्दल थोडक्यात. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला सुमारे 7 मिलिओहम. पाच मीटर अंतरासाठी जाऊनयेऊन दहा मीटर, म्हणजे 0.07 ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला ते नगण्य आहे. ही तार पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मीटरवर मिळते. तांबं खरं आहे ना, तेवढं पाहून घ्यावं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही तिथं मिळतं.

या संमेलनाकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली अशी की, आपल्यापैकी जो कुणी घरी यंत्रणा बसवायला जाईल, त्यानं खोका उघडण्याआधी बोर्डावरची तीन मापं घ्यावीत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. ती बिलावर लिहून द्यावीत. गिऱ्हाइकाला बिलाबरोबर हा कागद मिळू लागला, की केबल विकत घ्यायची का, हे तो स्वतः ठरवू शकेल.

दुसरी गोष्ट आजच दुपारी करायची आहे. शेजारच्या दालनात तीच यंत्रणा दोन यूएसबी केबलांवर वाजेल, एक साधी आणि एक भारी. कुठली चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळणार नाही आणि बदलणाऱ्यालाही दिसणार नाही. आवाजाची पातळी दोन्हींना मीटर लावून सारखी केली आहे. प्रत्येकानं 16 वेळा ऐकायचं आणि कागदावर खूण करायची. नुसत्या नशिबावर 12 किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. ज्याचे तेवढे येतील त्याला आपण पुन्हा बसवू आणि त्याचं ऐकू. त्यानंतर त्याच यंत्रणेला दोन पिनांचा चार्जर आणि सैल आरसीए जोडून हीच चाचणी घ्यायची. दोन्ही निकाल संध्याकाळच्या सत्रात फळ्यावर लिहिले जातील. भारी केबल विकणाऱ्या मित्रांनी पहिल्या रांगेत बसावं, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. कागद आणि पेन्सिली दाराशी ठेवल्या आहेत.